१९६६ची मस्टँग घरातल्या सगळ्यांनी पळवायची असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. १९६६ची मस्टँग घेतलीये, २८९ क्यूबिक इंचांचं व्ही-८ इंजिन, दोन बॅरलचा कार्ब्युरेटर, ऑटोमॅटिक गिअर. गाडी चालू आहे. मुलगी पंधरा वर्षांची, मुलगा दहाचा. मिशिगनमधल्या ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे दोन-दोन गाड्या सरळ रेषेत पळवायच्या ट्रॅकवर, उन्हाळ्यात घरातल्या सगळ्यांना मिळून काही करता येईल का? त्याआधी इंजिनावर किती खर्च करावा? गाडीची वाट लागेल का? शिवाय तुमच्या पत्नीला हा सगळा प्रकार धोक्याचा वाटतो. आम्ही दोघं नवराबायको बरीच वर्षं इथे १९७०ची प्लिमथ व्हॅलियंट पळवतोय, तीही सहा सिलिंडरची. पाव मैलाला तिला अठरा सेकंदांच्या आसपास लागतात. तेव्हा हळू गाडीच्या शर्यतीबद्दल मी अधिकाराने बोलू शकते.

इंजिनावर या वर्षी एक डॉलरही घालू नका. जो खर्च करायचा तो ब्रेक, टायर आणि रबराच्या नळ्यांवर करा. गाडी आज जेवढी हळू आहे तेवढीच राहू द्या. हिरमोड झाला असेल, म्हणून कारण नीट सांगते.

घरच्या गाडीने हौशी माणसं ज्या शर्यतीत उतरतात ती ब्रॅकेट रेसिंग. तिथे सगळ्यात वेगवान गाडीच जिंकते असं नाही. आपली गाडी पाव मैल, म्हणजे १,३२० फूट, किती सेकंदांत कापेल हे प्रत्येकाने आधी जाहीर करायचं. हा आकडा म्हणजे डायल-इन, आणि तो पांढऱ्या शू-पॉलिशने काचेवर लिहितात. दोघांच्या आकड्यांत जेवढा फरक, तेवढा वेळ हळू गाडीला हिरवा दिवा आधी मिळतो. समजा तुम्ही १७.२० लिहिलंत आणि शेजारच्या कमॅरोवाल्याने ११.७०. तुम्ही निघून गेल्यावर तो साडेपाच सेकंद जागेवर उभा, आणि तुमच्या मागचे दिवे लांब जाताना बघतोय. तुम्हाला दिव्यावर, म्हणजे हिरवा लागल्यापासून गाडी हलेपर्यंत, ०.०६० सेकंद लागला आणि गाडीने १७.२४ दिले, तर तुमचा एकूण तोटा ०.१००. त्याला दिव्यावर ०.०९० लागले आणि गाडी ११.७३ला आली, तर त्याचा ०.१२०. तुम्ही जिंकलात. त्याचा वेग शेवटी ताशी ११५ मैल धरला, तर तो जेमतेम तीन-साडेतीन फूट मागे राहिला. त्याच्या इंजिनात तुमच्या अख्ख्या मस्टँगच्या किमतीइतका पैसा असेल, पण घरी जायची पाळी त्याची.

मग १७.२०ची गाडी असताना १८ लिहून का फसवू नये? कारण लिहिलेल्या आकड्यापेक्षा कमी वेळात पोचलात तर ब्रेकआउट, म्हणजे बाद. दोघांचाही ब्रेकआउट झाला तर ज्याचा कमी तो जिंकतो. हिरव्याच्या आधी निघालात तर लाल दिवा, आणि ती चूक ब्रेकआउटपेक्षा मोठी धरतात. थोडक्यात, या खेळात गाडीने आणि माणसाने दर वेळी तेच करून दाखवायचं असतं. रोज सारखीच भाकरी थापणाऱ्या हाताला हा खेळ लवकर जमतो असं मी म्हणते तेव्हा पिटमधले, म्हणजे ट्रॅकवर गाड्या उभ्या करायच्या जागेतले, आमचे अमेरिकन शेजारी नुसते बघत राहतात, पण ते खरं आहे.

गाडी हळू ठेवा म्हणण्याचं दुसरं कारण नियमांत आहे. एनएचआरए, म्हणजे इथली मोठी ड्रॅग रेसिंग संघटना, वेळेनुसार सुरक्षेची साधनं सक्तीची करते. पाव मैलाला १३.९९ किंवा त्याहून कमी वेळ लागला की हेल्मेट हवंच. स्लिक, म्हणजे नक्षी नसलेले गुळगुळीत टायर लावून त्या वेळेत गेलात तर ड्राइव्हशाफ्टखाली लोखंडी कडं हवं. ११.४९ला रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर माणसाला वाचवणारी लोखंडी कमान, आणि ९.९९ला पूर्ण रोल केज, म्हणजे तसाच पिंजरा, वर स्पर्धेचा वेगळा परवाना. रोल बार बसवायचा म्हणजे त्याचे पाय मागच्या सीटच्या जागेत उतरणार, तळाच्या पत्र्याला वेल्डिंग होणार. जी गाडी घेऊन तुम्ही चौघं ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांच्या वुडवर्ड ड्रीम क्रूझ या मेळाव्याला जाऊ शकता तिची मग दोन माणसांची गाडी होते. त्यानंतर ती रस्त्यावर चालवणं नकोसं होतं, म्हणून ट्रेलर येतो, ट्रेलरसाठी ट्रक येतो, आणि शनिवारी घरातला एकच माणूस ट्रॅकवर दिसतो. अशी कितीतरी कुटुंबं मी पाहिली आहेत. वेग वाढला आणि घर मागे राहिलं. तुमची मस्टँग मूळ अवस्थेत असेल तर १७ ते १८च्या मध्ये कुठेतरी पळेल. तिथेच राहू द्या. घरून चालवत न्या, पळवा, चालवत परत आणा.

हेल्मेट तरीही घाला. घेताना स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेची एसए खूण असलेलं घ्या. मोटरसायकलच्या एम खुणेचं थोडं स्वस्त पडतं, पण एसएचं अस्तर आगीला टिकणारं असतं. ते कशाला हवं ते पुढे येईलच.

आता गाडी. तुमच्या मॉडेलबद्दल काही गोष्टी विकणारा सांगत नाही.

पहिली गोष्ट ब्रेकची. १९६६च्या मस्टँगमध्ये मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा असतो. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. १९६७च्या मॉडेलपासून दोन कप्पे आले. दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर तुमच्या गाडीला बसवता येतो, आणि ट्रॅकवर पहिलं पाऊल टाकायच्या आधी तो बसवून घ्या. ज्यांना मूळपणा जपायचा असतो ते यावर नाक मुरडतात. मुरडू द्या. ड्रम ब्रेक ठेवायचे असतील तर चालेल, पण ताशी ८० मैलांवरून थांबताना ते तापतात आणि पाय खाली जाऊ लागतो. शेवटची रेघ ओलांडली की लगेच ॲक्सिलरेटर सोडा, ब्रेक एकदाच शांतपणे दाबा, पुढे भरपूर रस्ता असतो. पहिल्या उन्हाळ्यात पाव मैलापेक्षा मैलाचा आठवा हिस्सा, म्हणजे ६६० फुटांची शर्यत असेल ती निवडा. तिथे तुमची गाडी अकरा सेकंदांच्या आसपास येईल, वेग पासष्टच्या आतबाहेर राहील, आणि ड्रम ब्रेकला ते मानवतं.

दुसरी गोष्ट पेट्रोलची टाकी. त्या काळच्या मस्टँगमध्ये टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ असतो. म्हणजे डिकीत ठेवलेलं सामान अक्षरशः टाकीवर ठेवलेलं असतं, आणि डिकी व मागची सीट यांच्यामध्ये पुठ्ठ्यासारखा पडदा. तिथे बसवायचा पोलादी पत्रा तयार मिळतो, तो लावून टाका. ट्रॅकसाठी नाही, रस्त्यासाठीच. कोणी मागून ठोकलं तर मुलं त्या पडद्याच्या अलीकडे बसलेली असतात. त्याच वेळी इंधनाच्या सगळ्या रबरी नळ्या बदला. आजच्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि साठच्या दशकातलं रबर त्याने भुसभुशीत होतं. इंजिनच्या उष्णतेत गळणारी नळी म्हणजे काय ते सांगायला नको. हेल्मेटच्या अस्तराचा मुद्दा हाच.

तिसरी, इंजिन माउंट, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवणारी रबरी बैठक. रबर जुनं झालं की फाटतं, आणि जोरात सुटताना इंजिन एका बाजूने उचललं जातं. हा बारीक मुद्दा वाटत असेल तर लक्षात घ्या की १९७१च्या अखेरीस जनरल मोटर्सला याच दोषापायी सुमारे ६७ लाख शेवरोले परत बोलवाव्या लागल्या होत्या. इंजिन उचललं की ॲक्सिलरेटरची कांडी अडकू शकते. तुमची फोर्ड आहे, पण पन्नास वर्षांपूर्वीचं रबर कंपनी बघून फाटत नाही. माउंट बदला, आणि कार्ब्युरेटरला परत ओढणारी स्प्रिंग एकाऐवजी दोन लावा.

टायरवर बाजूला चार आकडी खूण असते, आठवडा आणि वर्ष. नक्षी कितीही ताजी दिसो, दहा वर्षांचा टायर घालून पळू नका. साधे रस्त्यावरचे रेडियल पुरेत. चिकट ड्रॅग रेडियलचा मोह टाळा, कारण तुमच्या गाडीचा मागचा ॲक्सल आठ इंची, नाजूक बाजूचा आहे. साधा टायर थोडा घसरतो म्हणून ॲक्सल आणि यू-जॉइंट वाचतात. टायर जमिनीला चिकटला की तुटायची पाळी लोखंडाची येते. गाडीची वाट लागेल का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. सतरा सेकंद पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन चांगल्या स्थितीतलं २८९ इंजिन बिघडत नाही. गाड्या मोडतात त्या चिकट टायरने, कमी तेलाने आणि तापलेलं इंजिन तसंच पुन्हा पळवण्याने.

आणि एक गंमत. तुमच्या गिअरच्या पट्टीवर पुढे जायच्या दोन खुणा आहेत, एक मोठा ठिपका, एक छोटा. छोट्यावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सुटते. निसरड्या रस्त्यासाठी ती सोय होती. मोठ्या ठिपक्यावर पहिल्यापासून सुटते. ‘गाडीत दमच नाही’ म्हणणारे मस्टँगवाले छोट्या ठिपक्यावर पळताना मी पाहिलेत.

ट्रॅकवर गेल्यावर आधी टेक, म्हणजे तपासणी. बॅटरी घट्ट बांधलेली, रेडिएटरचं सांडणारं पाणी झेलायला बाटली, सीट बेल्ट, चाकांचे सगळे नट, खाली काही गळत नाही ना. चालकाला लांब पँट आणि बंद बूट हवेत, मुलीला हे आधी सांगून ठेवा. पहिल्यांदा शर्यतीच्या दिवशी जाऊच नका. ‘टेस्ट अँड ट्यून’ची संध्याकाळ असते, तिथे कोणाशी स्पर्धा नसते. मिलान ड्रॅगवे तुम्हाला जवळ पडेल. मार्टिन गावातला यूएस १३१ नावाचा ट्रॅक थोडा लांब आहे, पण दिवसभराची सहल म्हणून छान.

सुरुवातीच्या जागी पाणी टाकलेलं असतं, ते स्लिकवाल्यांच्या बर्नआउटसाठी, म्हणजे चाकं जागेवर फिरवून टायर तापवण्यासाठी. तुम्ही त्याला वळसा घालून जा. नक्षीच्या टायरमध्ये पाणी अडकतं आणि ते तुम्ही सुरुवातीच्या रेघेपर्यंत सांडत नेता. मागचे लोक मनातल्या मनात शिव्या देतात, कधी मोठ्यानेही. पुढे ‘ख्रिसमस ट्री’, म्हणजे दिव्यांचा खांब. १९६३पासून झेंडा हलवणाऱ्या माणसाच्या जागी हा आला. गाडी हळूच पुढे सरकवत न्या. प्री-स्टेजचा दिवा लागेल, मग आणखी काही इंच, स्टेजचा लागेल. तो लागला त्या क्षणी थांबा आणि दर वेळी तिथेच थांबा. दिवा लागल्यावरही पुढे सरकलात तर दिव्यावरची वेळ सुधारते पण पाव मैलाची वेळ वाढते, आणि मग सगळा हिशोब हलतो. पुढे तीन पिवळे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने लागतात, नंतर हिरवा. नवखा माणूस हिरव्याची वाट बघतो आणि तिथेच हरतो. तिसरा पिवळा दिसला की निघायचं. पाय हलून गाडी सुरुवातीच्या रेघेवरच्या प्रकाशकिरणातून बाहेर पडेपर्यंत हिरवा लागलेला असतो, आणि तुमच्यासारखी शांत गाडी असली तर आणखी थोडं आधी निघालं तरी लाल होत नाही.

सारखेपणाचे बारकावे मात्र घरातल्या सगळ्यांनी वाटून घेण्यासारखे आहेत, आणि मला या खेळात सगळ्यात जास्त रस तिथेच आहे. तुमची टाकी सोळा गॅलनची. पेट्रोल गॅलनला साधारण सहा पाउंड, म्हणजे भरलेली आणि रिकामी यांत शंभरेक पाउंडांचा फरक. शंभर पाउंडांना दहावा हिस्सा सेकंद, हा इथला जुना अडाखा. वर जी ०.०२० सेकंदाची जीत सांगितली तिच्या पाचपट फरक नुसत्या टाकीने पडतो. म्हणून दर वेळी टाकी तेवढीच. इंजिनचं तापमान प्रत्येक वेळी तेवढंच. दोन फेऱ्यांच्या मध्ये बॉनेट उघडा, नाहीतर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळतं आणि गाडी सुरूच होत नाही. टायरमधली हवा तेवढीच. उन्हात मोजलेला आकडा रात्री चालत नाही, कारण थंड हवा दाट असते आणि गाडी पळते. सूर्य मावळला की डायल-इन बदलायला विसरलेले लोक ओळीने ब्रेकआउट होतात. हवेचा हा खेळ किती मोठा असतो हे कोलोरॅडोत कळायचं. बँडिमेअर स्पीडवे २०२३पर्यंत सुरू होता, समुद्रसपाटीपासून जवळपास ५,८०० फुटांवर. तिथे आपल्यासारखी गाडी मिशिगनपेक्षा सेकंदाहून जास्त हळू पळते.

तर हे सगळं वहीत कोण लिहिणार? दहा वर्षांचा मुलगा. आमच्या धाकट्याला गाडी चालवण्यात आजही फारसा रस नाही, पण टाइम स्लिपांची वही त्याचीच. प्रत्येक फेरीनंतर जी चिठ्ठी मिळते तिच्यावर दिव्यावरची वेळ, पहिल्या ६० फुटांची, ३३० फुटांची, ६६० फुटांची, अशी सगळी वेळ छापलेली असते. त्याला ६० फुटांच्या आकड्यावर नजर ठेवायला सांगा. तो हलला म्हणजे सुटण्यात काहीतरी वेगळं झालं. तो स्थिर असून पुढचं बदललं म्हणजे हवा किंवा इंजिन. दशांश अपूर्णांक याहून चांगले कुठे शिकून होतील?

मुलीसाठी ‘ज्युनिअर स्ट्रीट’ आहे. १३ ते १६ वयाची मुलं साध्या, पूर्ण बॉडीच्या गाडीने मैलाच्या आठव्या हिश्शावर पळू शकतात, शेजारी मोठं माणूस बसलेलं हवं, आणि नऊ सेकंदांपेक्षा कमी वेळ चालत नाही. तुमची मस्टँग त्यात आरामात बसते. गाडी हळू ठेवण्याचा हा आणखी एक फायदा. तुमच्या ट्रॅकवर हा वर्ग घेतात का ते आधी विचारा, सगळीकडे नसतो. मुलाला चालवायचंच असेल तर ज्युनिअर ड्रॅगस्टर, मोठ्या ड्रॅगस्टरची अर्ध्या आकाराची प्रतिकृती, मागे एक सिलिंडरचं छोटं इंजिन. न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउनच्या ट्रॅकवर व्हिन्सेंट नॅप यांनी ही कल्पना काढली आणि १९९२मध्ये एनएचआरएने ती उचलली. (इंग्लिशटाउनची ड्रॅग स्ट्रिप मात्र २०१८मध्ये बंद झाली.) प्रो स्टॉक या व्यावसायिक वर्गात २०१४मध्ये अजिंक्यपद मिळवणारी पहिली बाई, एरिका एंडर्स, आठव्या वर्षी यातूनच आली. आमची थोरलीही त्यातून आली, पण खरं सांगायचं तर एक हंगाम थांबा. तो वेगळा संसार आहे. वेगळं हेल्मेट, वेगळा आगरोधक पोशाख, ट्रेलर, वापरलेला घेतला तरी काही हजार डॉलर. मुलगा वहीत रमला तर ते पैसे वाचले.

आता पत्नीची काळजी. ती खोटी नाही. पण रस्त्यावरची शर्यत आणि ट्रॅक यांत गल्लत करू नका. वॉली पार्क्स यांनी १९५१मध्ये एनएचआरए काढली तीच पोरांना रस्त्यावरून उचलून बंदिस्त जागी आणायला. तुमच्या डेट्रॉइटच्या दारातच डेट्रॉइट ड्रॅगवेवर १९५९ आणि १९६०ची राष्ट्रीय स्पर्धा झाली होती. ट्रॅकवर समोरून कोणी येत नाही, बाजूला भिंत असते, रुग्णवाहिका उभी असते. सतरा सेकंदांच्या गाडीचा वेग हायवेवर रोज जातो त्यापेक्षा फारसा जास्त नसतो. मला जिथे भीती वाटते ती जागा वेगळी आहे. मागून येणारी वेगवान गाडी रेघेजवळ तुम्हाला गाठते, तेव्हा आरशात बघण्याच्या नादात हात किंचित हलतो. आपल्या लेनच्या मधोमध राहा, तो काय करतोय ते त्याचं तो बघेल. रेघेनंतर बाहेर पडायचा रस्ता ज्याच्या बाजूला, तो आधी वळतो. दुसऱ्याने त्याच्यापुढून आडवं जायचं नाही. आणि पिटमध्ये मुलांच्या कानांवर आवाज अडवणारे मफ हवेतच. लहान मुलांना स्टेजिंगच्या रांगेत सोडू नका, तिथे चालकांना आजूबाजूचं फारसं दिसत नाही.

माझा अनुभव असा की, काळजी करणाऱ्या माणसाला पहिल्या संध्याकाळी प्रेक्षकांत बसवणं हा सगळ्यात वाईट उपाय. त्यांनाच आधी चालवू द्या. एकच गाडी दोघांनी चालवायला टेस्ट अँड ट्यूनला सहसा हरकत नसते, फक्त दोघांची नोंद वेगळी करावी लागते. आणि दोघांचे डायल-इन वेगळे निघतात, वजनामुळे आणि पायामुळे. आमच्याकडे माझा आकडा नवऱ्यापेक्षा जास्त एकसारखा येतो. तो आता जेवण, खुर्च्या आणि टायरची हवा सांभाळतो. बारबेक्यूच्या धुरात आमच्या डब्यातले धपाटे आधी संपतात, हे शेजाऱ्यांमुळे.

तुम्ही शेवटी पुण्याच्या घरी उभ्या असलेल्या वडिलांच्या फियाट ११००चाही उल्लेख केलाय. तिकडेही ड्रॅगच्या शर्यती होतात. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणारी ‘द व्हॅली रन’ तुम्ही ऐकली असेल, अंतर हेच, ४०२ मीटर. पण भारताच्या २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीची विंटेज नोंदणी हवी असेल तर ती मूळ रूपात असावी लागते, आणि प्रदर्शन, रॅली अशा ठरावीक कारणांसाठीच रस्त्यावर काढता येते. ती गाडी रॅलीची आहे, तिला रॅलीतच न्या.

एक काम मात्र ब्रेकच्याही आधी करा, आणि ते फोनवरचं आहे. क्लासिक गाड्यांच्या बहुतेक विमा पॉलिसींत वेळ मोजून होणाऱ्या शर्यती वगळलेल्या असतात. ट्रॅकच्या फाटकाच्या आत तुमची गाडी बहुधा विम्याबाहेर असेल. टेस्ट अँड ट्यूनही त्यात येतं का, ट्रॅकवर जाता-येताचा प्रवास धरलाय का, आणि मुलगी चालवणार असेल तर काय, हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तर ईमेलने मागून घ्या.